शेजारच्या सीटखालचा खळगा

वागिफनं पुढचा डावा ड्रम हातोड्यानं सैल केला
तेव्हा आतून पसाभर काळी भुकटी सांडली
आणि एक वाळलेली गांधीलमाशी.
"अठ्ठावन्न वर्षं," तो म्हणाला, "ह्याच्यावर थांबत होता तुम्ही?"
वडील स्टुलावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले.
"थांबत नव्हतो. हळू होत होतो.
थांबायचं ते आधी ठरवायचं असतं,
वळणाच्या आधीच्या वळणावर."

एकाच नळीच्या जिवावर चारी चाकं.
एक सांधा पाझरला की पेडल थेट तळाला.
मग गिअर, मग हॅन्डब्रेक, मग संत गिओर्गी,
ह्याच क्रमानं.
दोनदा झालंय असं. दुसऱ्यांदा मी आईच्या पोटात होते.

एलियावाच्या बाजारात मी तीन खेपा घातल्या.
नंतरच्या व्होल्गाच्या डिस्क, भंगारातल्या टॅक्सीचे कॅलिपर,
आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर:
एक कप्पा दगा देईल, दुसरा धरून ठेवेल,
दुकानदारानं मला लग्नाचं स्थळ सुचवावं तसं समजावलं.
पैसे सवडीनं द्या म्हणाला, आणि मोजून घेतले.

वडिलांचा पाय आता अर्धा क्षण उशिरा पोचतो.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
गाडीला सांगितलं, वागिफकरवी.

पत्रा गंजलाय का बघायला त्यानं चटई उचलली,
चालकाची नाही, शेजारची.
चटईला टाचेएवढं भोक,
भोकाखाली रंग उडालेला,
आणि पत्र्यात एक उथळ खळगा, चमचा दाबल्यासारखा.
"इथंही पेडल होतं?" वागिफ हसला.
वडिलांनी बियांची टरफलं एका तळहातावरून दुसऱ्यावर घेतली.
मग परत पहिल्यावर.

आई चाळीस वर्षं तिथं बसली.
बोलली नाही कधी, सावकाश चालवा म्हणून.
पर्स मांडीवर, नजर समोर,
आणि उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत.

वागिफनं खळगा ठोकून सपाट करायला हातोडी घेतली.
"तेवढं राहू दे," वडील म्हणाले.

संध्याकाळी नळ्यांतली हवा काढली.
मी पेडलवर, तो चाकाशी आडवा.
दाब. धर. सोड.
दाब.
काचेच्या बरणीत बुडबुडे, मग बारीक बुडबुडे,
धर.
मग नुसतं तेल, मधाच्या रंगाचं.
पायाखाली काहीतरी घट्ट झालं,
हस्तांदोलन करताना समोरच्याचा हात सापडावा तसं.

रविवारी गोंबोरीच्या घाटातून तिबिलिसीला निघालो.
मागच्या सीटवर वीस लिटरचा काचेचा बुधला,
चुलतभावाकडे पोचवायची घरची वाइन,
ब्लँकेटात गुंडाळलेली, बांधलेली नाही.
ब्रेक जुने होते तेव्हा कधी बांधावी लागली नव्हती.

उतार. वळण.
वळणाच्या पोटात एक गाय, आडवी, रवंथ करत,
रस्ता सातबाऱ्यावर तिच्याच नावानं असावा अशी.

वडिलांनी दाबला.

गाडी थांबली.
हळू झाली नाही, थांबली,
नाकावर झुकून, गायीपासून दोन हातांवर.
बुधल्याला कुणी हे कळवलं नव्हतं.
तो आला, सीटच्या पाठीवर फुटला.

बराच वेळ इंजिनाची टिकटिक.
गायीनं आम्हाला पाहिलं, पटलं नाही, निघून गेली.
तेव्हा माझ्या लक्षात आलं
की माझा उजवा पाय ताठ आहे,
गुडघ्यापासून टाचेपर्यंत,
चटईच्या भोकात, नेमका.

मी तो काढून घेतला.
उतार पुढचा, म्हणून वाइन सीटखालून पुढं आली,
गडद, घाई नसलेली,
आणि खळग्यात जमली.

वडील वाकून पाहत राहिले.
आमच्याकडे पहिला घोट गेलेल्यांसाठी पावावर ओततात,
थोडासाच, दोन थेंब.
"वीस लिटर," ते म्हणाले.
"एका पेल्यात डोकं दुखायचं तिचं."

मग त्यांनी पहिला गिअर टाकला,
आणि पुढच्या वळणाच्या कितीतरी आधी,
गरज नसताना,
पाय उचलला.